आकड्यापुढची अक्षरं

गॉजच्या तुकड्यात गुंडाळलेली अंगठी सिस्टरने तिच्या तळहातावर ठेवली, "जपून, कडा लागेल," म्हणाली आणि लगेच पुढच्या पडद्याआड निघूनही गेली. तिने गॉज उलगडलं. अंगठी एका जागी कापून दोन्ही टोकं बाहेर फाकवली होती, अर्धवट उघडलेल्या तोंडासारखी. आणि कापलेल्या जागी सोनं नव्हतं. तिथे काहीतरी तांबूस-तपकिरी होतं, जुन्या नळाच्या आट्यांसारखं, आणि त्याच्याभोवती कागदाच्या कडेइतकी बारीक पिवळी रेघ. ती बघत राहिली. राग तिच्याकडे नेहमी समजुतीच्या आधी यायचा, घरच्या माणसासारखा, दार न वाजवता. तसाच तो आत्ताही आला, ऐसपैस बसला, आणि मग त्याच्या मागून धापा टाकत समजूत आली : ही आपली अंगठी नाही. नवऱ्याचं बोट लिफ्टच्या दारात सापडलं म्हणून ती ऑफिसातून धावत आली होती. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामात जन्म काढलेला माणूस, आणि त्याचंच बोट दारात सापडावं! बोट सुजून काळंनिळं झालं होतं. अंगठी काढली नाही तर बोट जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते. तिला पडद्याबाहेर उभं केलं होतं आणि आतून छोट्या करवतीचा किरकिर आवाज आला होता, दात शिवशिवतील असा. मग ही उंच सिस्टर एक हात एप्रनच्या खिशात घालून बाहेर आली, तेवढ्यात स्ट्रेचरवरून कुणालातरी आणलं, सिस्टर तिकडे धावली, आणि बऱ्याच वेळाने परत येऊन तिने हे गॉज दिलं. मधल्या त्या वेळात अंगठी खिशात होती. खिसा सिस्टरचा होता. हिशेब सरळ होता.

"सिस्टर, इकडे या. ही कुठली अंगठी?"

"तुमच्या मिस्टरांची. आत्ता कापली ती."

"आमची सोन्याची होती."

"मग ही कसली आहे?"

"तेच मी तुम्हाला विचारतेय."

सिस्टरने अंगठीकडे बघितलं, मग तिच्याकडे. डोळे खाली घातले नाहीत. हे तिच्या मनात पक्कं बसलं. चोर डोळे खाली घालतो, आणि नाही घातले तर तो निगरगट्ट चोर, असं तिच्या डोक्यात दोन्ही बाजूंनी दार बंद झालं. सिस्टरची मान लांब होती, भुवया बारीक, एका बुटाची शिवण उसवलेली. त्या उसवलेल्या शिवणीवर तिची नजर गेली आणि तिथेच तिला पुरावा सापडला. मग ती बोलली. काय काय बोलली ते शब्दाला शब्द तिला नंतर आठवलं नाही, पण आवाज आठवला : तो वर वर चढत गेला, बाकड्यांवरची माणसं वळून बघायला लागली, दारावरचा रखवालदार आत आला, दुसरी सिस्टर हातातली सुई तशीच धरून उभी राहिली. "खिसे दाखवा," ती म्हणाली होती, हे मात्र नक्की. "आजारी माणसाच्या अंगावरचं ओरबाडता, लाज नाही वाटत?" हेही. अर्धवट सरकलेल्या पडद्यामागे नवरा हात उशीवर उंच ठेवून पडला होता. ती त्याच्याकडे वळली. "सांग ना यांना. कशी होती आपली अंगठी?" तो छताकडे बघत म्हणाला, "जाऊ दे ना." औषधाची गुंगी, तिला वाटलं. आणि गुंगी नसती तरी तो हेच म्हणाला असता, असंही वाटलं, आणि तिला त्याचाही राग आला.

जाऊ दे. तिच्या आईचं होतं, असू दे. शिंप्याने कापड फुकट घालवलं, असू दे. शेजारणीने कढई नेली ती भोक पाडून परत दिली, असू दे. वडील चारचौघांत आईच्या अडाणीपणाची नक्कल करायचे, सगळे हसायचे, आईही पदर तोंडाला लावून हसायची. मग स्वयंपाकघरात भांडी घासताना तिचा हात एका भांड्यावर घासत राहायचा, घासत राहायचा, भांडं कधीचं स्वच्छ झालेलं असायचं. त्या आवाजात ती लहानाची मोठी झाली. आपल्या तोंडून ते दोन शब्द कधी निघणार नाहीत, हे तिने कुठल्या दिवशी ठरवलं ते सांगता येणार नाही, पण ते पाळलं मात्र काटेकोर. रिक्षावाला, वाणी, शाळेतल्या बाई, नळदुरुस्तीवाला, सख्खा भाऊ, कुणालाही तिने असू दे म्हटलं नाही. लोक म्हणत, फटकळ आहे पण मनात काही ठेवत नाही. खरंच ठेवत नव्हती. मनात ठेवायचं ते सगळं ती समोरच्याच्या पदरात टाकायची आणि हलकी होऊन घरी यायची.

तक्रार तिने त्याच संध्याकाळी लिहून मेट्रनच्या हातात दिली, आणि ती उत्तम लिहिली. तिचं कामच ते होतं. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात ती तक्रारींच्या खिडकीवर बसायची, दिवसभर लोकांच्या तक्रारी वाचायची, आणि कुठली तक्रार जागची हलत नाही आणि कुठली फुंकर मारली की उडते, हे तिला वाचता वाचता कळायचं. रडारड करणारी उडते. शिवीगाळ करणारी उडते. जिच्यात वेळ, जागा, माणूस आणि साक्षीदार असतात ती तशीच चिकटून राहते, गोचिडीसारखी. तिने 'चोरी' हा शब्द एकदाही वापरला नाही. 'अंगठी उक्त परिचारिकेच्या एकटीच्या ताब्यात होती,' एवढंच लिहिलं. मेट्रनने चष्मा काढून, पुसून, पुन्हा घातला. "चौकशी करावी लागेल," ती नाइलाजाने म्हणाली. बाहेर पडताना तिला बरं वाटत होतं. नवऱ्याचं बोट पट्टीत होतं, अंगठी गेली होती, तरी बरं वाटत होतं. ही गोष्ट तिला पुढे पुष्कळ दिवस सलत राहायची होती, पण त्या संध्याकाळी तिला फक्त चहा प्यावासा वाटला.

नणंद बघायला आली ती शहाळं घेऊन. भावाच्या बोटाची चौकशी दोन वाक्यांत उरकली आणि अंगठीची गोष्ट मात्र तिने दोनदा सांगायला लावली. "वहिनी, तुम्ही होतात म्हणून! दादा एकटा असता तर 'थँक्यू सिस्टर' म्हणून ते पितळ घेऊन घरी आला असता. तुमच्यासमोर भलेभले ब्र काढत नाहीत, ती नर्स काय काढणार? आमच्या दादालाच विचारा!" आणि ती खदखदून हसली. नवराही हसला. तो डाव्या हाताने पेला उचलत होता, पेला थोडा हिंदकळला. ती त्या वेळी दुसऱ्याच विचारात होती. गोष्ट दुसऱ्यांदा सांगताना तिने सिस्टरच्या भुवया थोड्या अधिक बारीक केल्या होत्या आणि तिला ओठांच्या कोपऱ्यात एक हसू चिकटवलं होतं, जे खरं तर नव्हतं. हे तिच्या लक्षात आलं, आणि तिने ते तसंच राहू दिलं.

सोनाराकडे ती गेली ती पुरावा पक्का करायला. अंगठी खोटी आहे, असं कुणीतरी जाणकाराने लिहून दिलं की तक्रारीला खिळा बसेल. शेजारी ठेवून फरक दाखवता यावा म्हणून आपलीही अंगठी तिने बोटातून साबण लावून काढून नेली. दोन्ही अंगठ्या एका वेळी घेतलेल्या, लग्नाच्या, साध्या, रुंद पट्टीच्या, कडेला बारीक दाते. तिनेच पसंत केल्या होत्या. सोनार गलेलठ्ठ होता, श्वास घेताना शिट्टी वाजायची, आणि वाईट बातमी देण्यात त्याला रस होता, असं तिला पाहताक्षणीच वाटलं. त्याने आधी तिची अंगठी भिंगाखाली धरली. "सातशे पन्नास. बाजूला तारा, तो घडवणाऱ्याचा. हजारात साडेसातशे भाग सोनं, बाकी दुसरे धातू, मजबुतीसाठी. चोख काम आहे." मग त्याने कापलेली अंगठी उचलली, आतल्या बाजूने तिरकी केली, आणि त्याच्या शिट्टीचा सूर बदलला. "हं. हेही बघा. अठरा के."

"म्हणजे?"

"म्हणजे तेच हो ताई. चोवीसात अठरा काय आणि हजारात साडेसातशे काय, एकच. आकडा अगदी बरोबर आहे. कुणीतरी विचार करून निवडलीय." त्याने भिंग तिच्या हातात दिलं. "पण आकड्यापुढे बघा. दोन अक्षरं दिसतात? जी आणि पी. लोक आकडा वाचतात आणि थांबतात. ही दोन अक्षरं आकड्याचा जीव काढून घेतात. अठरा आहे, पण कशाचं? वरच्या पाण्याचं. सोन्याचा नुसता मुलामा. आत तांब्या-पितळेचा खेळ."

"म्हणजे खोटी. तेवढं लिहून द्या."

"लिहून देतो की. पण कशासाठी?"

तिने सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना गोष्ट आता घडीव झाली होती. सोनार ऐकत होता आणि ऐकता ऐकता हातातली अंगठी फिरवत होता. मग त्याने टोकदार सुई घेतली, अक्षरांच्या खाचेत फिरवली, आणि सुईचं टोक पांढऱ्या कागदावर पुसलं. कागदावर काळी रेघ उमटली. "वास घ्या," तो म्हणाला. तिने घेतला. ग्रीस. तो वास तिला ओळखायला भिंग नको होतं. तो वास रोज संध्याकाळी तिच्या घरात यायचा, बाथरूमच्या दाराला, टॉवेलला, उशीच्या अभ्र्याला असायचा. "हे आत दाबून दाबून बसलंय. आणि ही तळहाताकडची बाजू बघा, पिवळं उडत चाललंय, खालचा रंग दिसायला लागलाय. अक्षरंसुद्धा बोटाने घासलीत. ही अंगठी कुणीतरी वर्षभर तरी वापरलीय, आणि हातांनी काम करणाऱ्याने वापरलीय. तुमच्या नर्सने दवाखान्यात बदलली म्हणता, तर तिच्याकडे ही तयार कुठून असणार? तुमच्या मिस्टरांच्या मापाची, तुमच्या अंगठीसारखे दाते असलेली, ग्रीससकट?" तो हसला. शिट्टीसकट हसला. "लिहून देऊ ना हे सगळं?"

ती रस्त्यावर आली. दुपार पांढरी होती. दुकानांच्या काचांत माणसं ये-जा करताना दिसत होती, आणि त्यांच्यात एक बाई उभी होती जिच्या हातात दोन अंगठ्या होत्या. आपली तिने बोटात घातली नाही. पर्समध्ये टाकायलाही जमेना, कारण पर्स उघडायची तर हात रिकामा हवा, आणि हात रिकामा करायचा तर एक अंगठी कुठेतरी ठेवायला हवी. एवढी साधी गोष्ट तिला तिथे उभ्या उभ्या सुटेना. मनात पहिली आली ती दुसरी बाई. मग पत्ते, दारू, कुणाचं तरी देणं. एकेक शक्यता ती हातात घेऊन बघत होती आणि प्रत्येकीचा तिला चक्क आधार वाटत होता, कारण प्रत्येकीत तिला भांडता येण्यासारखं काहीतरी होतं. उंच सिस्टरची आठवण सगळ्यात शेवटी आली. आली तेव्हा तिने ती ढकलून दिली. ती परत आली. या खेपेला सिस्टरच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू नव्हतं. तिचे डोळे तेवढे होते, खाली न घातलेले, आणि त्यात निगरगट्टपणा नव्हता. त्यांच्यात होता तो निव्वळ गोंधळ. समोरची बाई काय बोलतेय हे न कळलेल्या माणसाचे डोळे. ते त्या दिवशीही तसेच असणार. तेव्हा दिसले नाहीत, एवढंच.

नवरा टेबलाशी बसून एका हाताने संत्रं सोलायच्या खटपटीत होता. तिने कापलेली अंगठी सालींच्या शेजारी ठेवली.

"खरी कुठे आहे?"

त्याने संत्र्यावरून नजर काढली नाही. "खड्ड्यात."

त्याने आपल्याला शिवी दिली, असं तिला क्षणभर वाटलं, आणि नवल म्हणजे त्या क्षणात तिला सुटल्यासारखं झालं. इतक्या वर्षांत त्याने तिला शिवी दिली नव्हती. पण तो पुढे बोलला. "लिफ्टच्या. खाली खड्डा असतो ना, स्प्रिंगा असतात तिथे. हातमोजा काढताना निघाली आणि गेली. मी उतरून शोधली. तेल, पाणी, कचरा. नाही सापडली. पुन्हा पुन्हा उतरलो."

"कधी?"

"तुझी बदली झाली त्या वर्षी." म्हणजे नऊ वर्षांपूर्वी.

"आणि ही?"

"ही चौथी." एक साल तुटून टेबलावर पडली. "पाणी टिकत नाही गं याचं. आमच्या कामात तर नाहीच. तळहाताकडून आधी जातं. मग बदलायची. तुला दिसायच्या आत."

चौथी. तिने त्या हाताला हात लावला होता, तो हात तिच्या कपाळावर होता तापात, रस्ता ओलांडताना कोपराशी होता, अंधारात पाठीवर होता, आणि तिला कधी कळलं नव्हतं की मधेच एक अंगठी जाऊन दुसरी आली, दुसरी जाऊन तिसरी. तिने आठवायचा प्रयत्न केला की कधी ती जास्त चकाकलेली दिसली होती का. दिसली असेल. 'बरी दिसतेय, घासलीस का?' असंही आपण म्हटलं असेल, आणि त्याने 'हो' म्हटलं असेल. कुठल्यातरी गल्लीत, काचेच्या कपाटासमोर, तिच्या अंगठीचे दाते आठवून आठवून हा माणूस तशीच दुसरी शोधत उभा राहिला असेल, चार वेळा. त्याची तिला कीव यायला हवी होती. आली नाही. आली ती चीड, चिकट आणि गरम.

"मला का नाही सांगितलंस?"

आता त्याने वर बघितलं. "हा प्रश्न तू खरंच विचारतेस?"

"अंगठी हरवली. हरवते माणसाची. मी काय तुला खाल्लं असतं?"

त्याने संत्र्याची आणखी एक साल ओढून काढली.

"मी मारते तुला? उपाशी ठेवते? सांग ना, काय करते मी तुला?" तिचा आवाज चढला होता. तिला तो ऐकू येत होता, शेजारच्या खोलीतला असावा तसा. त्याचा डावा हात संत्र्यावर आवळला गेला आणि रस मनगटावरून ओघळला.

"हे असं," तो म्हणाला. "हे असंच."

ती थांबली. मग तिने आवाज मोजून, दाबून विचारलं, "त्या बाईला मी चोर म्हटलं. तू तिथे पडला होतास."

"मी म्हटलं होतं की, जाऊ दे."

"ते सांगणं झालं?"

"तू बोलत होतीस. तू बोलायला लागलीस की मध्ये शिरायला जागा नसते गं. आधी वाटलं, तू थांबलीस की सांगू. मग तू कागद मागितलास." त्याने रसाने भिजलेलं मनगट शर्टाला पुसलं. "मग बहीण आली, मग तुझं कौतुक झालं. मग फारच उशीर झाला."

ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. सगळ्यात संतापजनक हे होतं की संताप कुणावर टाकायचा ते ठरेना. त्याच्यावर टाकावा तर तो याच संतापाला नऊ वर्षं चुकवत आला होता, म्हणजे टाकला की तो खरा ठरणार. भित्रा, पुळचट, बायकोच्या पदराआड एका परक्या बाईचा बळी देणारा, हे सगळं त्याच्याबद्दल खरंच होतं. आणि प्रत्येक शब्द फिरून तिच्याकडेच येत होता. आपण कुणाला फसवत नाही, आपलं सगळं तोंडावर, यावर ती इतकी वर्षं ऐटीत चालली होती. पण तोंडावर बोलणाऱ्या बाईच्या घरात माणूस काय काय गिळून बसतो, याचा तिने कधी विचार केला नव्हता. वडिलांसमोर आई हसायची, तो प्रसंग डोळ्यांपुढे आला. आईचं ते पदराआडचं हसू. ते हसू नवऱ्याच्या तोंडावर आपण कितीदा बघितलंय, हा विचार जवळ यायला लागला तेव्हा तिने नळ आणखी मोठा केला.

दुसऱ्या दिवशी तिने मेट्रनसाठी पत्र लिहिलं : 'गैरसमजातून झालेली तक्रार मी मागे घेत आहे.' खिडकीवर बसून तिने हा शब्द हजारदा वापरला होता. गैरसमज फार सोयीचा, तो कुणाचाच नसतो, पावसासारखा आपोआप होतो. जाताना तिने नवऱ्याला म्हटलं, "चल." त्याने कुठे ते विचारलं नाही. मेट्रनला पत्र वाचून इतका आनंद झाला की तिने चहा मागवला. "बरं झालं बाई, प्रकरण मिटलं." मग त्या सिस्टरला बोलावणं गेलं. चौकशी सुरू झाल्यापासून तिला तातडीच्या विभागातून काढून चादरींच्या कोठारात बसवलं होतं. ती आली तेव्हा तिच्या केसांना सुताचे तंतू लागले होते. तिने पत्र उभ्यानेच वाचलं, शेवटपर्यंत वाचून पुन्हा वरून वाचलं.

"गैरसमज कुणाचा?"

"माझा," ती म्हणाली.

"असं इथे लिहिलेलं नाही. मी काही घेतलं नाही, असंही लिहिलेलं नाही." सिस्टरचा आवाज अगदी सपाट होता. "मागे घेतली म्हणजे लोक काय म्हणतील माहीत आहे? गुपचूप अंगठी परत केली असेल, म्हणून मिटलं. माझं कपाट उघडलं सगळ्यांसमोर. पर्स या टेबलावर उलटी केली. माझ्या मुलीचं कानातलं होतं त्यात, आकडा तुटलेलं, दुरुस्तीला न्यायचं होतं. ते तपासायला म्हणून ठेवून घेतलं. अजून दिलेलं नाही."

मेट्रनने खण उघडला, बंद केला, दुसरा उघडला. एका पाकिटातून इवलंसं कानातलं काढून तिने पुढे केलं. सिस्टरने ते घेतलं नाही.

"मी दुसरं लिहून देते. तुम्ही सांगाल तसं," ती म्हणाली. मनापासून म्हणाली, आणि तरी आतून एक आवाज म्हणत होता : किती ताणतेय ही! चूक झाली म्हटलं ना? तो आवाज तिला ओळखीचा होता. दिवसभर ती ज्यांच्या तक्रारी ऐकायची त्या माणसांविषयी तो असंच बोलायचा.

"कागद नको मला. तुम्ही कागदावर ओरडला नव्हतात. जिथे ओरडलात तिथे येऊन सांगा. आणि यांनीही."

"अहो, आता कशाला पुन्हा तमाशा," मेट्रन म्हणाली.

"तमाशा झाला तेव्हा तुम्ही अडवला नाहीत, मेट्रन. आता त्याचा उरलेला भाग तरी होऊ द्या."

तातडीच्या विभागात तीच बाकडी होती, तोच फिनेलचा वास, पण माणसं सगळी निराळी. कपाळाला पट्टी बांधलेले एक आजोबा मांडीवर पिशवी घेऊन बसले होते. पाय मुरगळलेली एक मुलगी फोनवर कुणाशी तरी भांडत होती. एक जोडपं एकमेकांकडे पाठ करून बसलं होतं. त्या दिवशीची म्हणावी अशी दोनच माणसं होती, रखवालदार आणि ती दुसरी सिस्टर. ज्यांच्यासमोर आपण त्या बाईला चोर ठरवलं ते सगळे बरे होऊन आपापल्या घरी गेले होते, ती गोष्ट बरोबर घेऊन. ते आता सापडणार नव्हते. सिस्टर मध्ये उभी राहिली आणि नवऱ्याला म्हणाली, "सांगा." त्याने बायकोकडे बघितलं.

"त्यांच्याकडे काय बघता? इकडे बघून सांगा."

"अंगठी..." तो म्हणाला, "ती आधीच... म्हणजे मीच..." बाकीचं त्याच्या शर्टाच्या कॉलरमध्ये गेलं. रखवालदाराने कानामागे हात धरला. मग तिला राहवेना. तिने श्वास घेतला आणि ती बोलली, आणि तिला कळून चुकलं की आपल्याजवळ चारचौघांत बोलायचा आवाज एकच आहे.

"या सिस्टरनी काही घेतलेलं नाही! अंगठी माझ्या नवऱ्याने आधीच बदललेली होती. मला सांगायची त्याला भीती वाटत होती. मी काही न विचारता यांना चोर म्हटलं!"

सगळे वळले. मुलीचा फोन कानापासून दूर झाला. आणि तिच्या डोळ्यांदेखत आजोबांनी मांडीवरची पिशवी छातीशी ओढली आणि सिस्टरकडे बघितलं. पाठ करून बसलेल्या बाईने गळ्यातली साखळी चाचपली आणि तीही सिस्टरकडे बघायला लागली. एवढ्या मोठ्याने टाकलेल्या वाक्यांतून त्यांच्यापर्यंत एकच शब्द पोहोचला होता. सिस्टरच्या ते लक्षात आलं. तिच्या बारीक भुवया किंचित हलल्या. ती हसली असती तर बरं झालं असतं, रडली असती तरी. ती काहीच न करता वळली, हात धुवायच्या भांड्याशी गेली आणि कोपरापर्यंत हात धुवायला लागली.

"नाही हो, आजोबा," ती म्हणाली. सिस्टरला तिथेच सोडून ती त्यांच्या बाकड्याशी गेली. उभं राहून बोलली तर पुन्हा तोच आवाज निघेल म्हणून खाली बसली. "तसं नाही. त्यांनी काहीच केलेलं नाही. मी पहिल्यापासून सांगते." हळू बोलणं अंगवळणी नव्हतं. वाक्यं मोडत होती, तक्रारीच्या कागदावर ज्या क्रमाने सगळं चपखल बसलं होतं तो क्रम आता येईना. करवत, गॉज, खिसा, सोनार, लिफ्टचा खड्डा. आजोबा एका कानाने ऐकत होते आणि पिशवी सोडत नव्हते. ते मधेच म्हणाले, "अहो, पण हरवली होती तर यांनी घरी सांगायचं ना. अंगठीच ती."

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि शेजारून नवरा म्हणाला, "मी सांगतो." तो आजोबांच्या दुसऱ्या बाजूला बसला. पट्टीचा हात त्याने गुडघ्यावर उभा ठेवला होता. तो तिच्याकडे बघत नव्हता. "जेवणाची सुट्टी होती. कुणाला कळायला नको म्हणून मी वीज बंद न करताच खड्ड्यात उतरलो. बंद केली असती तर सोबतचा माणूस विचारायला आला असता, मग घरापर्यंत गेलं असतं. तेलात हात घालून चाचपत होतो. तेवढ्यात वरून कुणीतरी लिफ्ट बोलावली."

"काय?" ती ओरडली.

आजोबांनी तिच्याकडे न बघता हात वर केला, मधे बोलणाऱ्या पोराला गप्प करावं तसा. "थांबा हो बाई. बोलू द्या त्यांना."

हे तिला कुणी आजवर म्हटलं नव्हतं. कानशिलं तापली, जिभेवर शब्द गोळा झाले. या म्हाताऱ्याला, या नवऱ्याला, वीज न तोडता खाली उतरणाऱ्या मूर्खपणाला पुरतील एवढे होते ते. नऊ वर्षं हा माणूस ही गोष्ट पोटात घेऊन तिच्या शेजारी झोपला होता, आणि सांगत होता आज, ओळखपाळख नसलेल्या एका माणसाला. तिने दोन्ही हातांनी बाकड्याची कड धरली. पलीकडे सिस्टरने हात पुसले आणि ती मुरगळलेल्या पायाच्या मुलीपुढे उकिडवी बसली, या तिघांकडे पाठ करून.

"मी स्प्रिंगांच्या मध्ये आडवा झालो," नवरा सांगत होता, "आणि ती खाली यायला लागली."

"मग?" आजोबांनी विचारलं.

तिनेही तेच विचारलं असतं. तिने दात ओठांत रोवले आणि वाट बघत राहिली.